भुईकोट किल्ल्यातील पावलांची चाहूल

अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या भुईकोट किल्ल्याचे नाव निघाले की पंडित नेहरूंचा 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' आठवतो. याच किल्ल्यात मौलाना अबुल कलाम आझाद यांनी 'गुबार-ए-खातिर'मधील पत्रे लिहिली. उर्दू गद्याचा नमुना म्हणून आपण ती वाचतो. परंतु त्यातील ११ एप्रिल १९४३चे पत्र आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. भीती माणसाच्या शरीरात कशी घर करते, हे त्यात मौलानांनी स्वतःवरून नोंदवून ठेवले आहे.

९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत अटक झाली तेव्हा मौलाना काँग्रेसचे अध्यक्ष होते. पत्नी जुलेखा बेगम कोलकात्यात आजारी होत्या. मार्च १९४३मध्ये त्यांची प्रकृती चिंताजनक असल्याची खबर किल्ल्यात आली. सरकारकडे विनंती करण्याचा मार्ग सुचवला गेला, पण मौलानांनी तो नाकारला.

वर्तमानपत्रे दुपारी १२ ते १च्या दरम्यान येत. जेलर ती घेऊन समोरच्या कार्यालयातून निघाला की त्याच्या पावलांची चाहूल लागे आणि मौलानांचे काळीज धडधडू लागे. तो खोलीत आला की मात्र ते हसून टेबलाकडे खूण करत आणि घाई नसल्यासारखे लिहीत राहत. जेवणाची वेळ त्यांनी चुकवली नाही. भूक पार मेली होती, तरी चार घास घशाखाली उतरवत. ही सारी शांतता म्हणजे अभिमानी मनाने वठवलेली भूमिका होती, असे त्यांनीच लिहिले आहे.

बी.एड.च्या मानसशास्त्रात पावलॉव्हचा प्रयोग आपण शिक्षकांनी वाचलेला असतो. अन्नाआधी ठरावीक आवाज वारंवार ऐकवला, की पुढे नुसत्या आवाजानेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. भीतीचेही तसेच. पावलांचा आवाज मुळात निरुपद्रवी. पण तो वाईट बातमीच्या शक्यतेशी जोडला गेला. अशी सांगड घालण्यात मेंदूतील बदामाच्या आकाराच्या अमिग्डाला या भागाचा मोठा वाटा असतो. जोसेफ लडू या शास्त्रज्ञाने १९९६च्या आपल्या पुस्तकात दाखवले, की धोक्याची सूचना विचार पूर्ण होण्याआधीच अमिग्डालापर्यंत पोहोचू शकते. तेथून हायपोथॅलॅमसला इशारा जातो, मूत्रपिंडावरील ग्रंथी अॅड्रेनॅलिन सोडतात, नाडी वाढते, पचन मंदावते. ताण लांबला तर कॉर्टिसॉल हे संप्रेरकही वाढलेले राहते. झोप, भूक, प्रतिकारशक्ती यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. कपाळामागचा मेंदूचा भाग चेहरा आणि वागणे आवरू शकतो; पण सुटलेली धडधड केवळ हुकुमाने थांबत नाही.

९ एप्रिल १९४३ रोजी जुलेखा बेगमचा इंतकाल झाला. पुढे बहिणीच्या मृत्यूची बातमीही मौलानांना किल्ल्यातच मिळाली. अटकेच्या वेळी त्यांचे वजन १७० पौंड होते. १९४५मध्ये अहमदनगरहून बांकुऱ्याला हलवले तेव्हा ते १३० पौंड उरले होते. त्याला एकच कारण असेल असे नाही, पण चेहऱ्यावर न दिसलेले बरेच काही शरीराने सोसले होते, एवढे खरे.

आपल्याकडे कुणी धास्तावले की 'सब्र करा' असे सांगितले जाते. सल्ला चांगलाच आहे. मात्र दंगल पाहिलेली बाई दारावरच्या थापेने दचकली, किंवा मार खाल्लेले मूल छडी दिसताच थरथरले, तर त्यांना भित्रे अथवा कच्च्या ईमानाचे ठरवण्याचा हक्क आपल्याला नाही. मौलानांसारख्या खंबीर आलिमाचे काळीजही पावलांच्या आवाजाने धडधडत होते आणि ते लिहून ठेवण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. सब्र म्हणजे भीतीचा अभाव नव्हे. भीती असतानाही कर्तव्य न सोडणे होय. अशा माणसाला उपदेशाबरोबर सुरक्षितता, वेळ, ऐकून घेणारे कुणी आणि गरज पडल्यास डॉक्टरही हवा असतो.