ऑगर बिट
ऑगर बिट हे लाकडात खोल छिद्र पाडणाऱ्या गिरमिटाचे पिळदार पोलादी पाते होय. पूर्वीच्या पन्हळीसारख्या पात्यात भुसा साठे; त्यामुळे ते वारंवार बाहेर काढावे लागे व त्यावर सतत जोर द्यावा लागे. पिळामुळे भुसा आपोआप वर येऊ लागला, तर टोकावरील स्क्रूमुळे पाते स्वतःच लाकडात ओढले जाऊ लागले.

अमेरिकेतील कनेटिकट राज्याच्या रसेल जेनिंग्ज यांनी १८५५ साली दुहेरी पिळाच्या सुधारित पात्याचे पेटंट घेतले. ओहायो राज्यातील विल्मिंग्टन येथे १८८५ साली स्थापन झालेल्या आयर्विन कंपनीने भरीव गाभ्याभोवती एकेरी पीळ असलेले पाते प्रचारात आणले. सुबक कामासाठी जेनिंग्ज पाते, तर जाडजूड लाकडासाठी सहजी न वाकणारे आयर्विन पाते सोयीचे ठरते.