स्ट्रीट फायटरची छत्तीस वर्षं

मंडळी, विषय वाचून आमच्या घरातल्या काही जणांच्या भुवया वर जाणार, हे मला ठाऊक आहे. पेशवाईवर, सत्यशोधक चळवळीवर, फार तर गिरणगावावर लिहिणारी बाई एकदम व्हिडिओ गेमवर? पण शाळेत बत्तीस वर्षं इतिहास शिकवला की एक खोड लागते. कुठलीही गोष्ट फार वर्षं टिकली की ती का टिकली हे खणून बघावंसं वाटतं. राजवटी असोत नाहीतर खेळ.

'स्ट्रीट फायटर' हा मारामारीचा खेळ जपानात पहिल्यांदा आला १९८७ साली. त्याचा सहावा भाग आला २ जून २०२३ रोजी. मधे छत्तीस वर्षं गेली. पहिल्या भागाच्या वेळी ज्यांनी खिशातली चिल्लर त्यात घातली, त्यांची मुलं आज नोकरीला लागली असतील. माझा नातू पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, त्याने मला तो सहावा भाग दाखवला. बाकीचं मी वाचून काढलं. आणि वाचता वाचता असं वाटत गेलं की या खेळाचा सगळा इतिहास म्हणजे एकच भांडण आहे, पुन्हा पुन्हा नव्याने झालेलं. नव्या माणसाला आत घ्यायचं की नाही, आणि घ्यायचं तर उंबरठा किती उंच ठेवायचा? हे भांडण मी स्टाफरूममध्ये आयुष्यभर ऐकलं आहे. म्हणून हा खटाटोप.

तर पहिला भाग. ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीत ताकाशी निशियामा आणि हिरोशी मात्सुमोतो या दोघांनी तो केला. त्याचं एक यंत्र मोठं गमतीचं होतं. बटणांच्या जागी दोन जाडजूड रबरी गाद्या, एक ठोशाची, एक लाथेची. तुम्ही जितक्या जोरात हात आपटाल तितका पडद्यावरचा ठोसा जोरकस! कल्पना झकास, पण खेळणाऱ्याचे हात दुखून यायचे आणि यंत्रंही मार खायची. मग दुसऱ्या नमुन्याच्या यंत्रात जोर मोजणं सोडून दिलं आणि सहा बटणं बसवली. ठोशाची तीन, लाथेची तीन. हलका, मध्यम आणि जोराचा. एका फसलेल्या कल्पनेची ही डागडुजी, आणि सहाव्या भागापर्यंत खेळाचं व्याकरण तेच राहिलं आहे.

या पहिल्या भागातच खास डाव होते. काठी खाली, मग तिरकी, मग पुढे आणि लगेच ठोसा, की हातातून तेजाचा गोळा सुटतो. त्याला 'हादोकेन' म्हणतात. पण हे डाव कुणी उघड करून सांगितलेले नव्हते. ज्याला सापडेल त्याचे. आपल्याकडे तालमीत वस्ताद शेवटचा एक डाव स्वतःजवळ राखून ठेवतो म्हणतात, तसला प्रकार. म्हणजे उंबरठा पहिल्या दिवसापासून होताच.

खरी धमाल झाली १९९१ साली, 'स्ट्रीट फायटर टू'ने. निशियामा तोवर एसएनके या दुसऱ्या कंपनीत गेले होते. अकिरा निशितानी आणि अकिरा यासुदा या तरुणांनी नवा खेळ बांधला. आता निवडायला आठ योद्धे, निरनिराळ्या देशांचे, निरनिराळ्या चालींचे. चीनची चुन-ली ही त्यातली एकटी बाई, आणि तिच्या लाथांपुढे भले भले गडी आडवे! शिवाय एक अपघात झाला. नोरिताका फुनामिझु हे खेळ तपासत होते. त्यांच्या लक्षात आलं की एक ठोसा लागल्यावर नेमक्या क्षणी दुसरा मारला तर समोरच्याला सावरायला वेळच मिळत नाही, ठोशांची साखळी तयार होते. ही खरं तर चूक होती. पण इतक्या अचूक वेळी बटण दाबणं कुणाला जमणार, असं म्हणून ती तशीच राहू दिली. पोरांना ती जमली! त्या साखळीला आज 'काँबो' म्हणतात आणि पुढे निघालेला मारामारीचा जवळपास प्रत्येक खेळ त्यावर उभा आहे. धोरण, तह, दूरदृष्टी असं आम्ही वर्गात शिकवत आलो. कधीकधी इतिहास असाही घडतो.

अमेरिकेत हे यंत्र पिझ्झाच्या दुकानात आणि लाँड्रीतसुद्धा जाऊन बसलं. दोघं खेळत असताना तिसऱ्याने काचेच्या कडेला आपलं नाणं ठेवायचं. म्हणजे पुढचा नंबर माझा. हरला त्याने उठायचं, जिंकला तो उभा. हा नियम कंपनीने केलेला नव्हता, कुठे लिहिलेलाही नव्हता. जपानात दोन यंत्रं पाठीला पाठ लावून ठेवायची पद्धत पडली, त्यामुळे प्रतिस्पर्ध्याचं तोंडही दिसायचं नाही. एकाच खेळाचे दोन देशांत दोन रिवाज.

आपल्याकडेही नव्वदीच्या दशकात व्हिडिओ गेम पार्लर निघाले. सायकलच्या दुकानाशेजारी, एस.टी. स्टँडामागे, पडदा लावलेल्या खोलीत. तिथे कॅपकॉमचाच एक खेळ फार चालायचा, पोरं त्याला 'मुस्तफा' म्हणायची. त्याचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स', १९९३ चा. आमच्या शाळेतली मुलं दप्तर घेऊन तिथे सापडायची आणि पाटील सर त्यांना कानाला धरून आणायचे. सरांचं काही चुकत होतं असं मी म्हणणार नाही, तास बुडत होता हे खरंच. पण पाढे म्हणताना अडखळणारा मुलगा बारा चालींचा क्रम बिनचूक सांगू शकतो, ही गोष्ट मला तेव्हाही विचारात पाडायची.

असो. त्या दुसऱ्या भागाला इतकं यश मिळालं की कंपनीला त्याच्यापुढे मोजताच येईना. 'चॅम्पियन एडिशन' १९९२, त्याच वर्षी 'टर्बो', १९९३ साली 'सुपर', १९९४ साली 'सुपर टर्बो'. 'टर्बो' निघाला तोही चोरांमुळे. कुणीतरी खेळाच्या बेकायदा नकला करून त्यांचा वेग बेफाम वाढवला होता, आणि लोकांना तो वेगच आवडला. मग मूळ कंपनीलाही वेग वाढवावा लागला.

इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी इथेच एक सुरेख कोडं आहे. शेवटच्या चार खलनायकांपैकी तिघांची नावं जपानात एक आणि बाहेर दुसरी. जपानी खेळातल्या मुष्टियोद्ध्याचं नाव होतं एम. बायसन. ते माइक टायसनच्या इतकं जवळचं, की अमेरिकेत कोर्टकचेरी होईल अशी भीती वाटली. म्हणून निर्यातीच्या वेळी तिघांची नावं आपापसांत फिरवली. मुष्टियोद्धा झाला बालरॉग, हुकूमशहा झाला बायसन आणि पंजेवाला झाला व्हेगा. जपानी आणि अमेरिकन खेळाडू 'व्हेगा' म्हणतात तेव्हा दोघांच्या डोळ्यांसमोर वेगळी माणसं असतात. बखरींमधल्या नावांचे घोळ सोडवताना डोकं धरून बसणाऱ्यांना हे वाचून बरं वाटेल.

आणि त्या आठ जणांत एक आपला होता बरं का! धालसिम. गळ्यात कवट्यांची माळ, तोंडातून आग, हातपाय रबरासारखे लांब होणारे, मागे हत्ती उभे. लांब होणाऱ्या हातांचा भारतीय योगी १९७६ च्या 'मास्टर ऑफ द फ्लाइंग गिलोटिन' या चित्रपटात आधीच येऊन गेला होता. म्हणजे परक्यांच्या नजरेतला भारत, योगी आणि हत्ती यांच्या पलीकडे न गेलेला. राग यावा असंच ते चित्र आहे. पण कथा बघितली तर हा माणूस मनाने लढाईच्या विरुद्ध आहे, गरीब गावासाठी पैसे जमवायला लढतो. बायकोचं नाव सॅली आणि मुलाचं नाव, मंडळी, दत्ता! जपानी माणसाला हे नाव कुठून मिळालं देव जाणे. पुढे पाचव्या भागात त्याला पांढरी दाढी आणि फेटा मिळाला, सहाव्यातही तो आहे. तीस वर्षांत कवट्यांपासून फेट्यापर्यंत. हा प्रवास मला तरी कमीच वाटतो.

तिसरा भाग यायला १९९७ साल उजाडलं. आणि इथे घोडं पेंड खातं. रियू आणि केन हे दोन सोडले तर सगळे जुने योद्धे काढून टाकले. 'पॅरी' नावाची नवी युक्ती आणली. समोरून ठोसा येत असताना मागे न हटता नेमक्या क्षणी काठी त्याच्याच दिशेला ढकलायची, की तो फुकट जातो. क्षणभर चुकलात तर मेलात. जाणकारांना स्वर्ग मिळाला, पण नवीन आलेला पोरगा दोन मिनिटांत मार खाऊन बाहेर. तोवर घरोघरी प्लेस्टेशन आले होते, पार्लर ओस पडू लागले होते. १९९९ च्या 'थर्ड स्ट्राइक' या सुधारित आवृत्तीत चुन-ली परत आली, तरी गेलेली गर्दी परत आली नाही. त्यानंतर नवा क्रमांक निघालाच नाही, जवळजवळ दहा वर्षं.

पण गंमत बघा. मालकाने पाठ फिरवलेला हा खेळ खेळणाऱ्यांनी जिवंत ठेवला. १९९६ साली कॅलिफोर्नियात चाळीसएक जणांनी 'बॅटल बाय द बे' नावाची स्पर्धा घेतली, तिचीच पुढे 'ईव्हो' झाली. २००४ च्या ईव्होमध्ये जपानचा दाइगो उमेहारा आणि अमेरिकेचा जस्टिन वाँग हे 'थर्ड स्ट्राइक' खेळत होते. दाइगोच्या केनमध्ये केसाएवढा जीव उरला होता. वाँगच्या चुन-लीने आपला मोठा डाव सोडला, पंधरा लाथांचा. नुसत्या अडवल्या तरी थोडी इजा होतेच, म्हणजे अडवूनही मरणच. दाइगोने त्या पंधराच्या पंधरा लाथा एकेक करून 'पॅरी' केल्या, शेवटची तर हवेत उडी मारून, आणि उलटा डाव टाकून सामना जिंकला. ती चित्रफीत मी नातवाबरोबर चार वेळा पाहिली. मागच्या लोकांचा आरडाओरडा ऐकून कोल्हापूरच्या खासबाग मैदानाची आठवण व्हावी. स्पर्धा मात्र दाइगोने जिंकली नाही, अंतिम फेरीत तो हरला. हे सहसा कुणी सांगत नाही.

चौथा भाग २००८ साली आला. निर्माते योशिनोरी ओनो यांनी जुने योद्धे परत बोलावले. तो बांधायला कॅपकॉमने जी कंपनी सोबत घेतली ती डिम्प्स, म्हणजे पहिल्या भागाच्या निशियामांनीच पुढे काढलेली. घरचा माणूस घरी आला. पाचव्याबद्दल (२०१६) फार लिहीत नाही. एकट्याने यंत्राशी खेळायचा नेहमीचा 'आर्केड मोड'च सुरुवातीला त्यात नव्हता, तो २०१८ मध्ये घातला. शिकणाऱ्याला सराव कुठे करायचा हेच सांगितलं नाही, तर दुसरं काय होणार?

आता सहावा. दिग्दर्शक ताकायुकी नाकायामा. यात बटणं चालवायच्या पद्धती निवडता येतात. 'क्लासिक' म्हणजे जुनी सहा बटणांची. 'मॉडर्न' म्हणजे एक बटण दाबलं, की हादोकेन सुटला. काठी फिरवायची साधना गायब! जुन्या खेळाडूंनी कुरकुर केली हे सांगायला नकोच. आम्ही वर्षानुवर्षं बोटं झिजवली आणि काल आलेल्याला आयतं? स्टाफरूममध्ये गाइड आणि 'अपेक्षित प्रश्नसंच' यांवरून हेच शब्द मी ऐकले आहेत, काही मी स्वतःही उच्चारले आहेत. पण इथे एक फरक आहे. एका बटणाने मारलेल्या खास डावाची इजा वीस टक्के कमी धरली जाते, शिवाय काही साध्या चाली मॉडर्नवाल्याला मिळतच नाहीत. म्हणजे सोय दिली आहे पण तिचा मोल घेतला आहे. आणि डाव केव्हा टाकायचा, समोरचा काय करणार आहे, हे तर कुठलंच बटण सांगत नाही. म्हणून मी मॉडर्नच्या बाजूने आहे. सनावळ्या तोंडपाठ नसलेल्या मुलाला मी नकाशा समोर ठेवून उत्तर लिहू द्यायची. उत्तर त्यालाच लिहावं लागायचं. पुढे मोठ्या स्पर्धांतही काही व्यावसायिक खेळाडू मॉडर्न पद्धत घेऊन उतरले.

याच भागात आवाजाची वेगळी सोय आहे. प्रतिस्पर्धी किती लांब आहे, ठोसा वर लागला की खाली, हे निरनिराळ्या आवाजांवरून कळतं. डोळ्यांनी न दिसणारे खेळाडू ती वापरून स्पर्धेत उतरले आहेत. सोपं करणं म्हणजे दर्जा घालवणं असं म्हणणाऱ्यांनी याचं काय ते उत्तर द्यावं.

२०२३ च्या ईव्होमध्ये या एका खेळासाठी सात हजारांहून जास्त नावं नोंदली गेली. त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत 'स्ट्रीट फायटर फाइव्ह'साठी पदकं होती, आपलेही दोन खेळाडू गेले होते. सुवर्ण मिळालं दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांना. वय चव्वेचाळीस! पार्लरमध्ये वाढलेली पिढी ती.

ते पार्लर आता जपानातही आटत चालले. सेगासारख्या कंपनीने २०२२ पर्यंत आपल्या गेम सेंटरांचा धंदा विकून टाकला. आणि सहाव्या भागात 'बॅटल हब' नावाचा एक मोठा दिवाणखाना आहे, त्यात ओळीने जुन्या पद्धतीची यंत्रं मांडली आहेत. आपण आपला बाहुला तयार करून तिथे फिरायचं, यंत्रापुढे बसवायचं, समोर दुसऱ्या कुठल्या देशातल्या माणसाचा बाहुला येऊन बसतो. नाणं टाकावं लागत नाही. मी नातवाला विचारलं, अरे, मग पुढचा नंबर कुणाचा ते कसं कळतं? तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "आजी, मागे उभं राहायचं."