भंगारातल्या काचेची ओळख

धाकटी डहाणूसारख्या मच्छीमार गावात जुने घर रिकामे होऊ लागले, की माळ्यावरून काचेची एखादी अनोळखी वस्तू खाली येऊ शकते. ती भंगारात किलोच्या भावाने जाते किंवा फिरत फिरत मुंबईच्या चोर बाजारात पोहोचते. एकदा घर सुटले, की तिच्याविषयी सांगणारे कोणी उरत नाही. साक्ष उरते ती फक्त काचेची.

उपयोग आकारावरून उमगतो. तोंड नसलेला जाड, पोकळ गोळा बहुधा मासेमारीच्या जाळ्याचा तरंगता गोळा असतो. नॉर्वेत १८४०च्या दशकात असे गोळे वापरात आले, पुढे जपानमध्येही ते मोठ्या प्रमाणावर बनले आणि प्लास्टिकपुढे मागे पडले. आत चांदीसारखा मुलामा व वर धातूची टोपी असल्यास मात्र तो केवळ शोभेचा. निळ्या रंगाची, लंबगोल काठाची चिमुकली पेली मद्याची समजली जाते. ती असते डोळे धुण्याची. गळ्याला खोलगट चिमटे आणि आत गोटी असलेली बाटली हिराम कॉड या इंग्रज अभियंत्याची, १८७२ची कल्पना. वायूच्या दाबाने गोटी तोंडाशी घट्ट बसते आणि ओतताना त्या चिमट्यांत अडकते. गोटीसाठी मुलांनी कितीतरी बाटल्या फोडल्या. बाटलीवरील उठावाचे नाव पुष्कळदा सोडावाल्याचे असते, काच कारखान्याचे नव्हे.

वय ठरवणे अधिक अवघड. साच्याची रेघ थेट ओठावरून गेली असेल, तर बाटली यंत्रावर घडलेली. ओवेन्स यांचे स्वयंचलित यंत्र १९०३चे. रेघ ओठाखाली थांबली, तर ओठ हाताने घडवलेला. विदेशी पुस्तके एवढ्यावरूनच काळ सांगून मोकळी होतात. भारतात तो हिशेब फसतो. फिरोजाबादेत काच आजही तोंडाने फुंकली जाते आणि गोटी सोडाही अजून मिळतो. त्यामुळे बुडबुडे किंवा गोटी हा जुनेपणाचा पुरावा नव्हे. अतिनील प्रकाशात हिरवी चमकणारी काच युरेनियमयुक्त असू शकते, पण तशी काच नव्यानेही बनते.

खात्रीचा आधार म्हणजे घराची माहिती. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८चा, तर कराडजवळच्या ओगलेवाडीचा १९१६चा. तेथील 'प्रभाकर' कंदील घरोघरी होता. सुटी चिमणी मात्र कोणत्या कंदिलाची, हे तो कंदील सोबत असला तरच कळते. म्हणून वस्तू विकण्यापूर्वी ती कोणत्या खोलीत, कशासोबत होती, याची नोंद चिठ्ठीवर करून ठेवावी. आणि जुनी कागदी पट्टी चिकटलेली असेल, तर बाटली पाण्यात बुडवू नये.