विषुववृत्तीय महासागरी तरंगांवर प्रवाहांचा परिणाम

विषुववृत्तालगतच्या महासागरांत हजारो किलोमीटर लांबीचे तरंग पूर्व-पश्चिम प्रवास करतात. पृष्ठभागावर त्यांची उंची काही सेंटिमीटरच भरते. मात्र वरचे उबदार आणि खालचे थंड पाणी यांमधला थर (थर्मोक्लाइन) त्यांच्यामुळे कित्येक मीटर वरखाली होतो. पूर्वेकडे जाणारे ते केल्व्हिन तरंग, पश्चिमेकडे सरकणारे ते रॉस्बी तरंग. त्यांचे गणित जपानी शास्त्रज्ञ तारो मात्सुनो यांनी १९६६ मध्ये मांडले. त्यात पाणी मुळात स्तब्ध धरले होते. गणित सुटण्यासाठी ते सोयीचे होते, पण विषुववृत्तावरचे पाणी स्तब्ध नसतेच.

पॅसिफिकमध्ये व्यापारी वाऱ्यांनी ढकललेला दक्षिण विषुववृत्तीय प्रवाह पश्चिमेकडे वाहतो. त्याच्या उत्तरेला, साधारण ५° ते १०° उत्तर अक्षांशांदरम्यान, प्रतिप्रवाह पूर्वेकडे जातो. शिवाय पृष्ठभागाखाली, ऐन विषुववृत्तावर, सेकंदाला सुमारे १ मीटर वेगाचा पूर्ववाही अंतःप्रवाह आहे. टाउनसेंड क्रॉमवेल यांच्या १९५२ च्या शोधामुळे तो त्यांच्या नावानेही ओळखला जातो.

केल्व्हिन तरंग सेकंदाला सुमारे अडीच मीटर वेगाने जातात, त्यामुळे प्रवाहांचा त्यांच्यावर तुलनेने कमी परिणाम होतो. रॉस्बी तरंगांचा सैद्धांतिक वेग याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच, म्हणजे प्रवाहांच्याच तोलाचा. नदी नावेला वाहून नेते तसा प्रवाह तरंगाला नेत असेल, ही समजूत मात्र अपुरी आहे. पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम अक्षांशागणिक बदलतो, म्हणूनच रॉस्बी तरंग संभवतात. शेजारच्या अक्षांशांवरील प्रवाह वेगवेगळ्या वेगाने वाहत असले की पाण्याला आणखी एक फिरकी मिळते आणि तीही अक्षांशागणिक बदलते. हा बदल परिवलनातून येणाऱ्या बदलात मिळवावा लागतो, नाहीतर त्यातून वजा करावा लागतो. ज्या आधारावर तरंग उभा असतो, तो आधारच प्रवाह असा बदलून टाकतात.

याचा पुरावा ‘टोपेक्स/पोसायडन’ या १९९२ मध्ये सोडलेल्या उपग्रहाने पुरवला. डडली चेल्टन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये त्याच्या साडेआठ वर्षांच्या नोंदी तपासल्या. सिद्धांतानुसार रॉस्बी तरंगाची उंची विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना सारखी हवी आणि वेग सेकंदाला ०.९ मीटर हवा. प्रत्यक्षात उत्तरेकडची बाजू ठळक निघाली आणि वेग ०.५ ते ०.६ मीटरच भरला. १५,००० किलोमीटरच्या प्रवासाला त्यामुळे सुमारे सव्वासहा महिन्यांऐवजी साडेनऊ ते साडेअकरा महिने लागतात, इतका हा फरक पडतो. एल निन्योच्या आवर्तनाचा विचार करताना तो क्षुल्लक नाही. उंचीतला हा असमतोल पूर्वीही दिसला होता, पण त्याचे खापर अपुऱ्या मोजमापांवर किंवा वाऱ्यांवर फोडले जाई. प्रवाहांतील फरक गणितात घेताच तो आपोआप उमटला आणि वेगही निरीक्षणांच्या जवळ आला.

प्रवाहांमधली ओढाताण फारच वाढली, तर ते स्वतःच तरंगांना जन्म देतात. पूर्व पॅसिफिकमधील थंड पाण्याच्या पट्ट्याच्या कडेला सुमारे १,००० ते २,००० किलोमीटर लांबीच्या नागमोडी लाटा उठतात. रिचर्ड लेगेकिस यांनी १९७७ मध्ये उपग्रहाच्या अवरक्त चित्रांतून त्यांचे वर्णन केले. त्यांना ऊर्जा मिळते ती प्रवाहांकडूनच. एल निन्योत व्यापारी वारे मंदावले की त्या विरतात, ला निन्यात जोर धरतात.

हिंदी महासागरातले प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. इथे मोसमी वारे उलटतात आणि त्यांच्यामागोमाग प्रवाहही. अंतःप्रवाह वर्षभर टिकत नाही. दोन मोसमांच्या मधल्या काळात, म्हणजे एप्रिल-मे व ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, विषुववृत्तावरून पूर्वेकडे वेगवान प्रवाह धावतो. क्लाउस विर्टकी यांनी १९७३ मध्ये वर्णिलेला हा ‘विर्टकी झोत’. त्याच्यासोबतचे केल्व्हिन तरंग सुमात्राला धडकतात. त्यांतील काही ऊर्जा किनारा धरून बंगालच्या उपसागराला वळसा घालते आणि श्रीलंकेवरून भारताच्या पश्चिम किनाऱ्याकडे येते. उरलेली रॉस्बी तरंगांच्या रूपाने पश्चिमेकडे परतते आणि वाटेत त्याच झोताला मंदावते. त्यामुळे इथे मूळ प्रवाह कोणता आणि तरंग कोणता, हे वेगळे काढणेच अवघड जाते.