बाल्झाकचा छापखाना

माझ्या पहिल्या कादंबरीच्या छपाईपायी आमच्या घरातल्या दोन पाटल्या मोडल्या. प्रती पुष्कळ दिवस खाटेखाली होत्या. मास्तरकीत ते नुकसान भरून निघणारे नव्हतेच. पण तेव्हापासून बाल्झाक हा फ्रेंच कादंबरीकार मला घरचा माणूस वाटू लागला.

१७९९ साली तूर येथे जन्मलेल्या या गृहस्थाने विशीत टोपणनावांनी भराभर कादंबऱ्या लिहिल्या. लेखणीवर पोट भरेना, तेव्हा १८२५ साली तो पुस्तके काढून विकावयास निघाला! मोलिएरची सारी नाटके एका खंडात, ला फोंतेनचे साहित्य दुसऱ्यात. अक्षर बारीक, किंमत चढी, गिऱ्हाईक फिरकेना. शहाण्याने येथेच हात झटकले असते. याने १८२६ साली पॅरिसच्या एका अरुंद गल्लीत छापखाना घेतला आणि पुढल्या वर्षी खिळे ओतण्याचा कारखाना! पैसा आईचा, आणि बावीस वर्षांनी वडील असलेल्या मादाम द बेर्नी या स्नेहीबाईंचा. १८२८ साली सारे कोसळले. हजारो फ्रँकांचे देणे डोक्यावर, त्यातले मोठे आईचेच. गंमत अशी की, तोच खिळ्यांचा कारखाना बेर्नीबाईंच्या मुलाने घेतला व उत्तम चालवून दाखवला.

१८२९ साली बाल्झाकने प्रथमच स्वतःच्या नावाने कादंबरी प्रसिद्ध केली. मग रात्रीमागून रात्री काळ्या कॉफीवर लेखन. टीकाकार काही म्हणोत, मला वाटते, त्याची खरी शाळा तो छापखाना. १८३७ ते १८४३ या काळात तीन भागांत निघालेली त्याची 'भंगलेली स्वप्ने' पाहा. बाप आपल्याच मुलाला जुनाट छापखाना भलत्या किमतीला विकतो. मुलगा स्वस्त कागदाचा शोध लावतो, तर चलाख प्रतिस्पर्धी त्याला कर्जापायी तुरुंग दाखवून शोध गिळतात. हुंडी न वटता परत आली की तिच्यावर खर्च कसा चढतो, याचा आकडेवार हिशेबच तो मध्ये मांडतो. कादंबरीत हिशेब! पण मी ती पाने श्वास रोखून वाचली. ज्याने अशी हुंडी भरली नाही त्याला ती लिहिता यायची नाहीत.

व्यवहार मात्र तो शिकला नाही. मुद्रिते हाती आली की पाने नव्याने लिही. त्या दुरुस्त्यांचा खर्च त्याच्याच मानधनातून कापला जाई. १८५० साली तो वारला, तेव्हा आईचे देणे पुरते फिटलेले नव्हते, आणि आई हयात होती.

एवढा मजकूर मी घरात वाचून दाखवलेला नाही. पाटल्या अजून व्हावयाच्या आहेत.