पावसाच्या थेंबाची कुळकथा

सोलापूरचा इतिहास हा मुख्यतः पाणी अडविण्याचा इतिहास आहे. बाराव्या शतकांतील श्रीसिद्धरामेश्वरांच्या तळ्यापासून १८७१ सालीं पुऱ्या झालेल्या एकरूखच्या तलावापर्यंत तीच खटपट चालली. तरीहि १८७६ च्या दुष्काळानें हा मुलूख होरपळून निघाला. आलेला थेंब साठवावा कसा, हें माणूस शिकला. पण तो आला कोठून, हें त्यास कोण सांगणार?

उत्तर थेंबाच्याच पोटांत होतें. १९३१ सालीं अमेरिकेंत हॅरॉल्ड युरी ह्यांनीं जड हायड्रोजन शोधून काढला. प्राणवायूच्याहि सुमारें पांचशें अणूंत एक अणु जड, अठरा अणुभाराचा असतो. हे जड अणु कालांतरानें क्षय पावत नाहींत, म्हणून त्यांस स्थिर समस्थानिक म्हणतात. जड पाणी वाफ होण्यास नाखूष आणि पाऊस होऊन पडण्यास उतावीळ!

१९५२ च्या जून महिन्यांत कोपनहेगन येथें विली डान्सगार्ड ह्यांनीं घरच्या अंगणांत बिअरच्या रिकाम्या बाटलीवर नरसाळें बसवून पाऊस धरला व तो तपासला. पुढें असें दिसून आलें कीं, हवा जितकी थंड, तितका पावसांतील जड अंश कमी. ध्रुवाकडे जाणारें बाष्प वाटेंतच जड पाणी गाळीत जातें. म्हणून आर्क्टिकचें हिम हलकें. ग्रीनलंडमधील कॅम्प सेंच्युरी येथें १९६६ सालीं १,३८७ मीटर बर्फ भेदण्यांत आला, आणि १९६९ सालीं त्यांतून एक लक्ष वर्षांचें हवामान वाचलें गेलें.

१९६१ पासून जगभर पावसाचे नमुने जमविण्याचें कार्य सुरू झालें. त्यांत मुंबईचाहि पाऊस होता. मुंबईवर अरबी समुद्राचे मेघ भरलेले येतात. सह्याद्रि ओलांडतांना ते बहुतेक रिते होतात, आणि सोलापूर पर्जन्यछायेंत राहतें. येथील मोठा पाऊस सप्टेंबरांतला. त्यांत बंगालच्या उपसागराचाहि वांटा असतो. उपसागराचें बाष्प लांबच्या वाटेनें पाऊस पाडीत येतें, म्हणून तें सामान्यतः हलकें. मात्र कोरड्या हवेंतून पडतां पडतां थेंब आटला, तर त्यांतील जड अंश पुन्हा वाढतो. तेव्हां एकट्या प्राणवायूची साक्ष पुरत नाहीं, जड हायड्रोजनचीहि घ्यावी लागते.

हीच नोंद विहिरीच्या पाण्यांतहि उतरते, आणि कोणत्या पावसानें ती विहीर भरली तें तीवरून ताडतां येतें. जेथें एक सप्टेंबर कोरडा गेला कीं दावणी ओस पडतात, तेथें हें ज्ञान केवळ पंडितांचें कौतुक राहत नाहीं.