श्वासाची कसोटी

मनुष्यास आपल्या शरीराची आठवण होते ती बहुधा तें बिघडल्यावरच. एरवीं श्वास चालूं असतो, पाय चालत असतात आणि मन मात्र भलतीकडेच असतें. ही फारकत मिटविण्याचा योगमार्ग आपल्या देशांत फार प्राचीन आहे. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभीं कित्येक सुशिक्षित गृहस्थ त्यास गूढ सिद्धि समजून दुरून नमस्कार करीत, नाहीं तर भोंदूगिरी म्हणून हंसण्यावारी नेत. या दोन्ही वृत्तींना प्रयोगानें उत्तर देण्याचें काम स्वामी कुवलयानंदांनीं अंगावर घेतलें.

त्यांचें मूळ नांव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म १८८३ सालीं डभोई येथें झाला. बडोद्यास प्रोफेसर माणिकराव यांच्या आखाड्यांत त्यांनीं देशी व्यायामाचे धडे घेतले. पुढें नर्मदातीरीं मालसर येथें परमहंस माधवदासजींपाशीं ते योग शिकले. आखाड्यानें अंग कमावलें, नदीकांठानें श्वास आवरावयास शिकविलें. पण अनुभव खरा असला म्हणून त्याची सांगितली जाणारी कारणमीमांसाहि खरी असेलच असें नाहीं, हें त्यांच्या चिकित्सक बुद्धीनें ओळखलें.

नौलि करणारा साधक बस्तीच्या वेळीं पाणी आंत ओढून घेतो, तें कोणत्या बळावर? बडोद्याच्या रुग्णालयांत क्ष-किरणें व दाबमापक यांच्या साहाय्यानें त्यांनीं याचा शोध घेतला. नौलींत मोठ्या आंतड्यांतील दाब बाहेरच्या हवेहून उतरतो आणि म्हणून पाणी वर चढतें, असें आढळलें. या अंशतः निर्वात स्थितीस त्यांनीं आपल्या गुरूंचें नांव दिलें. चमत्कार गेला, क्रिया मात्र खरी ठरली.

१९२४ सालीं लोणावळ्यास, सुमारें २,००० फूट उंचीवरील सह्याद्रीच्या मोकळ्या हवेंत, त्यांनीं कैवल्यधाम स्थापिलें व ‘योगमीमांसा’ हें त्रैमासिक सुरू केलें. प्राणायामानें पुष्कळ प्राणवायु मिळतो म्हणून तो हितकर, हें लोकप्रिय मत त्यांनीं मान्य केलें नाहीं. त्याचें खरें मोल मज्जासंस्थेवरील परिणामांत आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. सोयीचा पुरावाहि पारखून घेण्याचा हा प्रामाणिकपणा विरळा होय.

त्याच काळांत औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि सूर्यनमस्कारांचा प्रसार करीत होते. एकाचा भर उगवत्या सूर्यासमोरील चपळ हालचालीवर, तर दुसऱ्याचा स्थिर आसनावर व संथ श्वासावर; तथापि शरीर हें तुच्छ लेखण्याचें ओझें नव्हे, यावर दोघांचेंहि एकमत होतें.

कुवलयानंद १९६६ सालीं निवर्तले. त्यांच्या कार्याचें मर्म एका साध्या गोष्टींत आहे. हृदय आपल्या आज्ञेनें थांबत नाहीं, अन्न आपल्या इच्छेनें पचत नाहीं. श्वास मात्र आपोआपहि चालतो आणि आपण म्हटलें तर क्षणभर थबकतोहि. शरीराच्या बंद वाड्यास आंत जाण्यासाठीं ठेवलेला हा एक दिंडीदरवाजा आहे; आणि तो उघडण्यास सिद्धि लागत नाहीं, केवळ लक्ष लागतें.